कामाच्या कुत्र्याचा गळपट्टा आणि साज

हिमाचल प्रदेशातील गद्दी धनगर उन्हाळ्याच्या आरंभी मेंढ्या-बकऱ्यांचे कळप घेऊन उंच कुरणांकडे निघतात, तेव्हा त्यांचे राखणदार कुत्रेही कळपाबरोबर चालत असतात. यांपैकी कित्येक कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असतो. बिबळ्या कुत्र्यावर झडप घालतो ती बहुधा गळ्याच्या रोखाने. त्या क्षणी काट्यांमुळे त्याच्या जबड्याची पकड बसत नाही आणि कुत्र्याचा जीव वाचतो. अर्थात येथे पट्टा ही शोभेची वस्तू नसून जीवरक्षणाचे साधन असते.

ही युक्ती फार जुनी आहे. रोमन लेखक व्हॅरो याने इ. स. पू. ३७ मध्ये लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात धनगरी कुत्र्यांच्या अशाच गळपट्ट्याचे वर्णन केले आहे. जाड चामड्याच्या पट्ट्यात मोठ्या डोक्याचे खिळे बसवावेत, आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवावे, म्हणजे कठीण लोखंडाने कुत्र्याची मान दुखावणार नाही, असे तो सांगतो. ईजिप्तमध्ये त्याहूनही पूर्वीचा पुरावा सापडतो. राजांच्या दरीतील मैहरप्री नामक अधिकाऱ्याचे थडगे १८९९ साली उघडण्यात आले. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यात कुत्र्याचे दोन चामडी गळपट्टे मिळाले असून त्यांपैकी एकावर कुत्र्याचे नावही लिहिलेले आहे.

व्हॅरोने सांगितलेल्या मऊ अस्तरात या कारागिरीचे सारे मर्म साठवलेले आहे. पट्टा बळकट तर हवाच. परंतु त्याचे बळ कुत्र्याच्या अंगावर उलटता कामा नये. ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा परस्परविरोधी असतात, आणि त्यांची सांगड घालण्यासाठी कारागिराला कुत्र्याचे शरीर आणि चामड्याचा स्वभाव या दोहोंचेही ज्ञान असावे लागते.

कुत्र्याची मान आणि खांदा

कुत्र्याच्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, कातडीपासून फारशा खोल नसलेल्या जागी, श्वासनलिका असते. तिला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. पण या कड्या पूर्ण वर्तुळाकार नसून पाठीकडच्या बाजूस उघड्या असतात. श्वासनलिका लवचिक राहावी यासाठी ही रचना उपयुक्त असली, तरी बाहेरून दाब आल्यास ती चपटी होऊ शकते. तिच्या दोन्ही बाजूंस अवटू ग्रंथीचे भाग असतात, आणि डोक्याकडून परतणारे रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिराही गळ्यातूनच जातात. गळपट्ट्यावर ओढ बसली असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, तीच ओढ छातीवरील साजावर बसली असता तो तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले.

आपल्यासारख्या उष्ण देशात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घोडा किंवा माणूस सर्वांगाने घाम गाळून शरीर थंड ठेवतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांवर, आणि तोही अल्प. त्याची उष्णता बाहेर पडते ती प्रामुख्याने धापेवाटे. गळ्यावर घट्ट पट्टा आवळून त्याला दुपारच्या उन्हात कामाला लावणे म्हणजे त्याचा श्वास आणि त्याचे थंड होणे, या दोहोंनाही एकाच वेळी अडथळा करणे होय.

खांद्याची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. माणसाचा खांदा गळ्याखालच्या आडव्या हाडाने छातीच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. कुत्र्यामध्ये हे हाड नाममात्रच उरले आहे. त्याचे पुढचे पाय धडाशी हाडाने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. त्यामुळे धावताना खांद्याचे पसरट हाड बरगड्यांवरून मागेपुढे सरकते आणि टाप लांब पडते. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार या पुढच्या पायांवरच असतो. साजाचा एखादा पट्टा या सरकत्या हाडाच्या मार्गात आडवा आला, तर प्रत्येक पावलाला तो हाडाला अडवतो. कुत्रा त्याबद्दल तक्रार करीत नाही. तो पाऊल आखडते घेतो. असे आखडलेले पाऊल महिनोन्महिने चालू राहिले म्हणजे सांधे आणि स्नायू यांवर विषम ताण पडू लागतो.

ओढीचे गणित

पट्ट्यावर किती भार येतो याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. ३० किलोग्रॅम वजनाचा कुत्रा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर, या वेगाने धावत असताना त्याची दोरी एकाएकी ताणली गेली आणि तो २५ सेंटिमीटर अंतरात थांबला, असे समजू. अशा वेळी दोरीवर सरासरी १५०० न्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम भाराइतकी ओढ बसते. हा भार कुत्र्याच्या वजनाच्या पाचपट आहे. दोरी धरणाऱ्याने हात सैल सोडून त्याला एक मीटर अंतरात थांबविले, तर हीच ओढ ३८ किलोग्रॅम भारावर येते. हाताळणाऱ्याचे कौशल्य कोणत्याही पट्ट्याइतकेच महत्त्वाचे का असते, हे यावरून कळून येईल.

हा भार गळपट्ट्यात पुढे कसा वाटला जातो हेही पाहण्याजोगे आहे. दोरी ज्या कडीत अडकवतात ती कडी संपूर्ण १५० किलोग्रॅम भार सोसते. म्हणून तिचा सांधा डाख देऊन बंद केलेला असावा लागतो. नुसती वाकवलेली कडी उघडण्याची भीती असते. गळपट्टा हे एक वलय असल्यामुळे कडीपासून पुढे ओढ दोन बाजूंत विभागते आणि प्रत्येक बाजूस सुमारे ७५ किलोग्रॅम भार येतो. बक्कलापाशी पट्टा दुमडून परत शिवलेला असतो. तेथे हा भार पुन्हा दोन पदरांत वाटला जातो आणि त्यातील अर्धा, म्हणजे सुमारे ३७ किलोग्रॅम, शिवणीवरून जातो.

आता चामड्याची शक्ती पाहू. साजासाठी उत्तम कमावलेले चामडे साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम वा त्याहून अधिक भार सोसते. अडीच सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड पट्ट्याचा छेद ०.८७५ चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणून अखंड पट्टा १७५ किलोग्रॅमपर्यंत टिकेल. परंतु त्यात पाच मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडले की त्या ठिकाणी १४० किलोग्रॅमच उरतात. नव्या पट्ट्यावर ७५ किलोग्रॅमचा झटका आला तर फारशी चिंता नाही. परंतु निगा न राखल्यामुळे चामडे कोरडे पडून त्याचे बळ निम्म्यावर आले असेल, तर तोच झटका पट्टा तोडू शकतो. रस्त्यावरच्या गर्दीत किंवा स्फोटकांच्या शोधात असताना पट्टा तुटला, तर कुत्रा आणि त्याचा सांभाळकर्ता या दोघांच्याही जिवावर बेतते.

कोणते चामडे निवडावे

जनावराच्या अंगावरचे कातडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे घट्ट विणलेले जाळे होय. ते तसेच ठेवल्यास कुजते, आणि वाळविल्यास लाकडासारखे कडक होते. कमावण्याच्या क्रियेत काही द्रव्ये या तंतूंशी संयोग पावतात. त्यामुळे कातडे कुजत नाही, पाण्याने बिघडत नाही आणि वाकविले तरी मोडत नाही. कातडे असे कमावले म्हणजे त्याचे चामडे होते.

यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. झाडांच्या साली आणि फळे यांतील टॅनिन वापरून कमावण्याची पद्धत प्राचीन आहे. उत्तर भारतात बाभळीची साल आणि दक्षिणेत तरवडाची साल यासाठी प्रसिद्ध आहे. सह्याद्रीच्या रानांतून गोळा होणारा हिरडाही याच कामी येतो, आणि कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभूळ व हिरडा यांवरच कमावले जाते. या पद्धतीला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे एक महत्त्वाचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली घेतले. ती फार जलद असून तिने मिळणारे चामडे मऊ असते व उष्णता अधिक सोसते.

तथापि पट्ट्यासाठी कारागीर बहुधा सालीवर कमावलेले चामडेच पसंत करतो. क्रोमचे चामडे ओढीखाली अधिक ताणले जाते, आणि छिद्रे लांबट झाली की आज बरोबर बसणारा पट्टा काही दिवसांत ढिला पडतो. सालीवर कमावलेले चामडे भरीव असते. त्याची कड घासून गुळगुळीत करता येते, ओले करून त्याला आकार देता येतो, आणि वापरता वापरता ते कुत्र्याच्या अंगाच्या वळणाप्रमाणे बसते.

एकाच कातड्याचे सर्व भागही सारखे नसतात. पाठीच्या भागात तंतूंची वीण घट्ट असते. पोटाच्या भागात ती सैल असल्यामुळे तेथील पट्टी ओढली की लांबते आणि रुंदीला आकसते. म्हणून भार सोसणारी प्रत्येक पट्टी पाठीच्या भागातून, आणि तीही कण्याला समांतर कापावी लागते. पोटाचे चामडे टाकून द्यावे लागत नाही. पण त्याचा उपयोग अस्तरासारख्या भार न येणाऱ्या जागीच करावा. बाजारात स्वस्त मिळणारे पट्टे पुष्कळदा दिसायला नेटके असूनही लवकर तुटतात, त्याचे एक कारण असे की त्यांत चामड्याचा भाग न पाहता पट्ट्या काढलेल्या असतात.

माप आणि कापणी

कामाला आरंभ होतो तो मापाने. गळपट्ट्यासाठी मानेचा घेर दोन ठिकाणी घेतात: कानांच्या लगेच खाली आणि मानेच्या मुळाशी. डोक्याचा घेरही पाहावा लागतो. बहुतेक कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा रुंद असल्यामुळे पट्टा निसटत नाही. मुधोळ किंवा कारवान यांसारख्या शिकारी जातींची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांचे डोके अरुंद व मान लांब असते. साधा पट्टा त्यांच्या डोक्यावरून सहज निघून येतो. त्यांच्यासाठी गळ्याशी चांगला रुंद आणि बक्कलाकडे निमुळता होत जाणारा पट्टा करतात. रुंदी वाढल्याने त्यांच्या पातळ कातडीवरील दाबही कमी होतो. २०१६ साली मुधोळ कुत्र्यांना मीरत येथील सैनिकी केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. अशा जाती कामावर येतात, तेव्हा अन्य जातींसाठी केलेली मापे त्यांना तशीच लागू पडत नाहीत.

रुंदी आणि दाब यांचा संबंध सरळ आहे. १५ किलोग्रॅमची सतत ओढ मानेच्या पुढच्या २० सेंटिमीटर भागावर अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यातून आली, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोग्रॅम दाब पडतो. पट्टा निम्म्या रुंदीचा असल्यास दाब दुप्पट होतो. उलट, पट्टा अवास्तव रुंद केला तर मान वाकवून जमीन हुंगणाऱ्या कुत्र्याच्या जबड्याखाली तो रुततो. म्हणून रुंदी ठरविताना मानेच्या लांबीचाही विचार करतात.

पट्टा बांधल्यावर त्याखाली दोन बोटे सहज सरकावीत, असा साधा नियम आहे. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या बाबतीत हे माप दर आठवड्याला पाहिले पाहिजे. बांधून विसरलेला पट्टा मान वाढताना कातडीत रुतून जखमा करतो, आणि दाट केसांमुळे ते कित्येक दिवस लक्षातही येत नाही. पट्ट्यास सामान्यतः पाच छिद्रे ठेवतात, आणि कुत्र्याचे खरे माप मधल्या छिद्रावर येईल असे पाहतात. त्यामुळे ऋतुमानाने केस कमीअधिक झाले तरी दोन्हीकडे वाव राहतो. छिद्रे गोल किंवा लंबगोल, स्वच्छ कडांची हवीत. सुरीने चीर देऊन केलेल्या छिद्राच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तेथून चामडे फाटत जाते.

पट्टी कापली की तिच्या चारही कडा किंचित तासून गोल करतात. कापलेली तीक्ष्ण कड केस तोडते आणि कातडी घासते. तासलेल्या कडेला थोडे पाणी लावून लाकडाने किंवा हाडाने जोराने घासले म्हणजे सुटे तंतू एकमेकांत दाबले जातात आणि कड काचेसारखी गुळगुळीत होते. या चकाकीमुळे पट्टा देखणा दिसतो. पण तिचा खरा उपयोग असा की दाबलेल्या कडेतून पाणी आत शिरत नाही.

दुमड आणि शिवण

पट्ट्यातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे बक्कलाभोवतीची दुमड. साडेतीन मिलिमीटर जाडीचे चामडे तसेच दुमडले तर बाहेरच्या थरावर अतिशय ताण पडून तो तडकतो. म्हणून दुमडीच्या जागी ते आतल्या, म्हणजे मांसाकडच्या, बाजूने रापीने तासून पातळ करतात. येथे एक पेच आहे. केसांकडचा वरचा थर दिसायला सुंदर व झिजेला चिवट असला, तरी चामड्याचे ओढीचे बळ मुख्यतः आतल्या थरातील जाड तंतूंत असते. नेमका तोच थर तासावा लागतो. दुमडीपाशी भार दोन पदरांत वाटला जात असल्यामुळे थोडे तासणे चालते. पण निम्म्याहून अधिक तासणे धोक्याचे. रापीचा एक जादा फटका बाहेरून दिसत नाही, आणि पट्टा नवा असेपर्यंत जाणवतही नाही.

यानंतर शिवण. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. त्यांपैकी एक झिजून तुटला की शिवण पुढे उसवत जाते. कारागिराची हातशिवण निराळी असते. एका लांब धाग्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवतात, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरच्या बाजूंनी काढतात. त्यामुळे प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे भरला जातो. एक टाका तुटला, तरी शेजारचे टाके आपली पकड सोडत नाहीत. जिवावरच्या कामासाठी हातशिवणीला अद्यापही मान आहे तो याच गुणामुळे.

धागा तागाचा, अळशीच्या सुताचा किंवा हल्ली पॉलिएस्टरचा असतो. त्याला मधमाश्यांचे मेण लावतात. मेणामुळे सुती धागा पाण्यापासून सुरक्षित राहतो आणि छिद्रात घट्ट बसतो. शिवणीपूर्वी चामड्यावर एक बारीक खाच कोरून धागा तीत बसवतात, म्हणजे तो पृष्ठभागाच्या वर येत नाही आणि घासून झिजत नाही. छिद्रे आरीने पाडतात. तिचे टोक चपटे असते, आणि त्यामुळे तंतू फारसे न तुटता बाजूस सरतात. टाक्यांचे अंतर साधारण तीन ते चार मिलिमीटर असावे. टाके दाट घातले म्हणजे शिवण बळकट होते असा समज आहे. परंतु फार दाट छिद्रांची रांग टपालाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे चामडे फाटण्यास मदतच करते.

धातूच्या वस्तूंची निवडही रसायनशास्त्राला धरून करावी लागते. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई बनवीत असत. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो, हे त्या शाईचे रहस्य. सालीवर कमावलेल्या ओल्या चामड्याला साधे लोखंडी बक्कल लागले की तेथे हीच शाई तयार होते. काळा डाग पडतो, लोखंड गंजते, आणि त्याला चिकटलेले चामडे हळूहळू ठिसूळ होते. म्हणून पितळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाची बक्कले वापरतात.

साज: भार छातीवर

जेथे कुत्र्याला सतत ओढावे लागते किंवा ओढ सोसावी लागते, तेथे गळपट्टा अपुरा पडतो आणि साजाची गरज लागते. माग काढणारा कुत्रा नाक जमिनीशी ठेवून पुढे ओढ घेत चालतो. ती ओढ गळ्यावर आली तर त्याचा श्वास अडखळतो, आणि हुंगण्याचे काम तर श्वासावरच चालते. म्हणून मागाच्या वेळी लांब दोरी साजाच्या पाठीवरील कडीला लावतात. आपल्या देशात सैन्यातील कुत्र्यांचे प्रशिक्षण मीरत येथे १९६० साली सुरू झाले. सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र टेकनपूर येथे १९७० साली स्थापन झाले. अशा केंद्रांतून निघणाऱ्या कुत्र्यांचे आयुष्य पट्ट्यात आणि साजातच जाते.

चांगल्या साजाचे तीन मुख्य भाग असतात: छातीचा पट्टा, बरगड्यांभोवतीचा तंग आणि या दोहोंना जोडणारा पाठीचा पट्टा. छातीच्या पट्ट्याचा भार उरोस्थीच्या पुढच्या भागावर यावा. तो वर सरकून गळ्यावर जाऊ नये आणि खाली येऊन खांद्याच्या सांध्यावर आडवा पडू नये. कुत्र्याला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, आणि त्यांपैकी पुढच्या ९ उरोस्थीला जोडलेल्या असल्यामुळे तो भाग भक्कम असतो. तंग त्याच भागावर, परंतु पुढच्या पायाच्या कोपरापासून काही बोटे मागे असावा. नाहीतर काखेतील नाजूक कातडी प्रत्येक पावलाला घासली जाते. छातीच्या पट्ट्याखाली मऊ चामड्याचे रुंद अस्तर घालतात. व्हॅरोच्या खिळ्यांखाली जे मऊ कातडे होते, तेच येथे निराळ्या रूपाने येते.

अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्याचा साज हा या कलेचा विशेष कसोटीचा नमुना होय. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली, आणि अमेरिकेत १९२९ साली तसे कार्य सुरू झाले. या साजाला पाठीवर एक ताठ मूठ असते. कुत्रा थांबला, वळला किंवा पायरीपाशी उभा राहिला, की त्याची हालचाल त्या मुठीतून माणसाच्या हाताला कळते. दोरी ही सूचना पोहोचवू शकत नाही, कारण ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मूठ ढिली असेल तर सूचना उशिरा पोहोचते; फार घट्ट असेल तर माणसाच्या हाताचा प्रत्येक धक्का कुत्र्याच्या पाठीला बसतो. शिवाय माणूस एकाच बाजूने चालत असल्यामुळे साजाचा दाब दोन्ही बाजूंस सारखा नसतो. कारागिराला हे ओळखून दोन्ही बाजूंची झीज तपासावी लागते.

साजाचा एक मानसिक उपयोगही आहे. तो अंगावर चढला की काम सुरू आणि उतरला की विश्रांती, हे कुत्रा लवकर शिकतो. साज रोज एकाच पद्धतीने आणि न दुखता चढला, तरच ही खूण टिकते. ज्या साजाने अंग सोलवटते, तो पाहताच कुत्रा मागे सरतो.

निगा

चामड्याचे तंतू एकमेकांवरून सहज सरकावेत म्हणून त्यांत थोडा स्निग्धांश असावा लागतो. पाणी, ऊन आणि धूळ यांनी तो निघून जातो. म्हणून पट्टा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा, आणि तो किंचित दमट असतानाच मेण व चरबी यांचे मिश्रण हलक्या हाताने लावावे. तेल फार झाले तर चामडे ढिले पडते. ओला पट्टा चुलीजवळ किंवा कडक उन्हात कधीही वाळवू नये. सालीवर कमावलेले ओले चामडे ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या आसपास आकसून कायमचे कडक होते, आणि मग कोणत्याही तेलाने ते पूर्ववत होत नाही. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून पट्टा बंद पेटीत न ठेवता वाऱ्यावर टांगावा.

नायलॉनच्या विणलेल्या पट्ट्या हल्ली सर्वत्र मिळतात. त्या हलक्या असतात, कुजत नाहीत व लवकर वाळतात. बर्फावरील गाडी ओढणाऱ्या आणि पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यांना त्याच सोयीच्या. सैन्य आणि पोलीसदलेही त्या मोठ्या प्रमाणावर वापरतात. तथापि त्यांच्या कडा घासतात, आणि त्या अंगाच्या वळणाप्रमाणे आकार घेत नाहीत. दिवसाचे कित्येक तास एकाच कुत्र्याच्या अंगावर राहणाऱ्या साजासाठी म्हणूनच अनेक संस्था अजून चामड्याकडे वळतात.

कारागीर आणि शास्त्र

आपल्या देशात खोगीर व साज यांच्या कामासाठी कानपूरचे नाव मोठे आहे. तेथे मुख्यतः म्हशीच्या चामड्यापासून तयार होणारा माल परदेशीही जातो, आणि या कामास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत कमावण्याच्या क्रियेचा शास्त्रीय अभ्यास चालतो. परंतु चामड्याची पाठ कोठे संपते व पोट कोठे सुरू होते हे अंगठ्याने दाबून ओळखणारे, किंवा दुमड किती तासावी हे रापीच्या आवाजावरून ठरविणारे ज्ञान ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्यांना आपल्या समाजव्यवस्थेने शतकानुशतके दूर लोटले. त्यांच्या हातांना स्पर्शही निषिद्ध मानला आणि त्यांनी केलेल्या वस्तू मात्र वापरल्या. तंतूंची रचना आणि भाराचे गणित मांडल्यावर शास्त्र ज्या निष्कर्षाला येते, तो या कारागिरांना कामातून आधीच ठाऊक होता, ही गोष्ट नोंदून ठेवण्याजोगी आहे.

साज चांगला आहे की नाही, याची अंतिम परीक्षा मात्र प्रयोगशाळेत होत नाही. संध्याकाळी काम संपल्यावर साज उतरवावा आणि त्याखालच्या अंगावरून केसांच्या उलट दिशेने हात फिरवावा. कोठे केस तुटलेले, कोठे कातडी गरम वा लाल झालेली, कोठे कुत्रा हात लागताच अंग चोरतो, ते पाहावे. नंतर पट्ट्याची दुमड वाकवून तडा आहे का, शिवणीचा एखादा टाका सैल झाला आहे का, कडीचा सांधा बंद आहे का, हे तपासावे. या सर्वाला पाच मिनिटे पुरतात. एवढे पाहिले, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच साज पुन्हा निःशंकपणे कुत्र्याच्या अंगावर चढविता येतो.